उडत्या तबकड्या

आकाशात दिसणाऱ्या, परंतु पाहणाऱ्यास ज्यांची ओळख पटलेली नाही अशा प्रकाशमान किंवा घन वाटणाऱ्या वस्तूंना लोकव्यवहारात ‘उडत्या तबकड्या’ म्हणतात. शासकीय व शास्त्रीय लेखनात त्यांसाठी ‘अज्ञात उडती वस्तू’ (यूएफओ) ही संज्ञा १९५० नंतर रूढ झाली. या संज्ञेतील ‘अज्ञात’ हे विशेषण वस्तूचा गुणधर्म सांगत नाही. पाहणाऱ्याच्या माहितीची मर्यादा तेवढी सांगते. एकच प्रकाश एकाच वेळी शेतकऱ्यास अज्ञात, वैमानिकास संशयास्पद व उपग्रहांच्या कक्षांचे गणित करणाऱ्यास पूर्ण परिचित असू शकतो. अशी वस्तू म्हणजे परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे यान होय, ही समजूत या नावाला नंतर चिकटली. मूळ निरीक्षण व त्यावरून काढलेले अनुमान यांची गल्लत हाच या विषयातील बहुतेक वादांचा उगम आहे.

नावाचा उगम : २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड हा अमेरिकी व्यावसायिक आपले छोटे विमान चालवीत वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वतानजीक उडत असताना त्यास नऊ चकचकीत वस्तू ओळीने वेगात जाताना दिसल्या. दोन शिखरांमधील अंतर कापण्यास त्यांना लागलेल्या वेळावरून त्याने त्यांचा वेग ताशी १,९०० किमी. हून अधिक असावा, असे अनुमान केले. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे त्याने सांगितले. वार्ताहरांनी गतीसाठी वापरलेली ही उपमा उचलून आकाराला लावली व ‘उडती बशी’ हा शब्दप्रयोग जगभर पसरला. मराठीत ग्रामोफोनमुळे परिचित असलेला ‘तबकडी’ हा शब्द त्यासाठी रुळला. आर्नल्डने वर्णिलेल्या वस्तू पूर्ण वर्तुळाकार नव्हत्या. तरीही पुढील काही आठवड्यांत अमेरिकेत शेकडो लोकांना अगदी गोल तबकड्या दिसू लागल्या. शब्द आधी आला आणि त्याच्या आकाराची वस्तू नंतर दिसू लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथील सैनिकी विमानतळाने आपल्या हाती ‘उडती तबकडी’ आल्याचे घोषित केले व लगेच ते अवशेष हवामान-फुग्याचे असल्याचा खुलासा केला. हा खुलासाही अपुरा होता. सोव्हिएट अणुस्फोटांचे ध्वनितरंग फार उंचावर टिपण्यासाठी सोडलेल्या फुग्यांच्या एका गुप्त माळेचे ते अवशेष होते, असे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये मान्य केले. अर्धसत्य खुलाशाने संशय कमी होण्याऐवजी वाढतो व टिकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

शासकीय चौकश्या : शीतयुद्धाच्या काळात आकाशातील अनोळखी वस्तू शत्रूची असण्याची धास्ती असल्याने अमेरिकी हवाई दलाने १९४८ पासून अशा वृत्तांतांची नोंद ठेवली. १९५२ मध्ये सुरू झालेली ‘ब्ल्यू बुक’ ही चौकशी डिसेंबर १९६९ मध्ये बंद करण्यात आली. एकूण १२,६१८ वृत्तांतांपैकी ७०१ वृत्तांतांचा उलगडा झाला नाही. हा आकडा परग्रहवासीयांच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. परंतु उलगडा न झालेल्या वृत्तांतांत अपुऱ्या तपशिलांचे वृत्तांत असणे स्वाभाविक असते. ज्या चोरीचा तपास लागला नाही ती भुताने केली असे आपण म्हणत नाही. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकीविज्ञ एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली १९६६–६८ मध्ये झालेल्या अभ्यासाने या विषयाच्या पुढील अन्वेषणातून विज्ञानास फारसा लाभ होणार नाही, असा निष्कर्ष काढला. हवाई दलाचे सल्लागार असलेले ज्योतिर्विद जे. ॲलन हायनेक यांना हा निष्कर्ष पटला नाही. उलगडा न झालेल्या प्रकरणांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, या मतावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. त्यांनीच १९७२ मध्ये ‘निकट भेटीं’चे प्रकार वर्गीकृत केले. फ्रान्सने १९७७ मध्ये आपल्या अवकाश संस्थेत या कामासाठी स्वतंत्र विभाग उघडला. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने मात्र आपला नोंदणी-विभाग २००९ मध्ये बंद केला.

हा विषय २०१७ नंतर नौदलाच्या विमानांनी घेतलेल्या चित्रफितींमुळे पुन्हा चर्चेत आला. जून २०२१ मध्ये अमेरिकी गुप्तवार्ता विभागाने सादर केलेल्या अहवालातील १४४ नोंदींपैकी एकीचाच निश्चित उलगडा झाला होता. ती वस्तू हवा निघत चाललेला मोठा फुगा होती. ‘नासा’ने नेमलेल्या तज्ञगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये, तर अमेरिकी संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये, या वस्तू परग्रहावरील असल्याचा कोणताही पुरावा आढळला नसल्याचे नमूद केले.

विदर्भातील प्रसंग : अनोळखी वस्तूची ओळख कशी पटते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण २ एप्रिल २०२२ रोजी घडले. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, उत्तर महाराष्ट्राचा काही भाग व मध्य प्रदेशातील झाबुआ, बडवानी इ. जिल्ह्यांतील लोकांना आकाशात अग्निरेषांचा एक पुंजका सावकाश सरकताना दिसला. त्यातील रेषा एकमेकींशी जवळजवळ समांतर होत्या आणि त्यांमागे लांब शेपटे होती. सणाची संध्याकाळ असल्याने माणसे घराबाहेर होती व भ्रमणध्वनीवर शेकडो चित्रफिती निघाल्या. कोणी उल्कापात म्हणाले, कोणी विमान जळत असल्याचे, तर कोणी क्षेपणास्त्र असल्याचे म्हणाले. परग्रहवासीयांच्या यानाची कुजबुज तर होतीच.

त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावात मोकळ्या जागेवर सु. तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. जवळच्या पवनपार परिसरात धातूची एक गोलाकार वस्तू सापडली. कडे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. घरांपासून थोड्याच अंतरावर, माणसे जागी व बाहेर असताना, एवढी जड वस्तू आकाशातून पडली, ही गोष्ट तबकड्यांच्या कुठल्याही कथेपेक्षा अधिक गंभीर होती.

पहिला अंदाज चुकला. त्याच दिवशी सायंकाळी न्यूझीलंडहून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचे रॉकेट उपग्रह घेऊन सुटले होते. वेळ जुळत असल्याने काही जाणकारांनी त्या रॉकेटाचा भाग कोसळला असावा, असे म्हटले. नंतर कक्षांचे गणित पुढे आले. अमेरिकेतील हार्व्हर्ड–स्मिथ्सोनियन खगोलभौतिकी केंद्रातील जोनाथन मॅकडॉवेल यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ या चिनी रॉकेटाचा तिसरा टप्पा त्या सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित होते व त्याचा मार्ग या प्रदेशावरून जात होता, हे दाखवून दिले. पुढे भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या (इस्रो) वैज्ञानिकांनी चंद्रपूर जिल्ह्यात येऊन अवशेषांची पाहणी केली.

रॉकेटाचा वरचा टप्पा उपग्रहास लांबट कक्षेत सोडून स्वतः त्याच कक्षेत फिरत राहतो. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ येताना विरळ हवेच्या घर्षणाने त्याची थोडी ऊर्जा खर्च होते, कक्षा आक्रसत जाते आणि अखेर तो दाट वातावरणात शिरतो. या प्रकरणी त्यास सु. चौदा महिने लागले. शिरताना त्याचा वेग ताशी सु. २७,००० किमी. असतो. पुढील हवा एकदम दाबली जाऊन तापते, टप्प्याचे पातळ पत्रे वितळतात व त्याचे तुकडे पडतात. सर्व तुकडे एकाच दिशेने, थोड्याफार फरकाच्या वेगाने पुढे जात असल्याने समांतर दिव्यांची रांग दिसते. उच्च तापमानास टिकणाऱ्या धातूंची कडी व दाबाखाली वायू साठविण्याच्या गोल टाक्या मात्र पुष्कळदा जमिनीपर्यंत पोहोचतात. त्यामुळेच जगात ठिकठिकाणी आकाशातून पडलेले ‘रहस्यमय गोळे’ बहुधा सारखेच दिसतात.

उल्केहून हा देखावा वेगळा ओळखता येतो. उल्का सेकंदास ११ ते ७२ किमी. वेगाने येते व बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून येणारी वस्तू सेकंदास सु. साडेसात किमी. वेगाने जवळजवळ आडवी येते आणि मिनिटभर वा अधिक काळ दिसत राहते. विदर्भाने दोन्ही प्रकार पाहिले आहेत. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे मोठ्या आवाजासह अशनींचा वर्षाव झाला व दगड गावातील वस्तीतही पडले. त्यांच्या अभ्यासात पृथ्वीच्या खोल प्रावरणात विपुल असलेले, पण पृष्ठभागावर न टिकणारे ब्रिजमनाइट हे खनिज आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. परग्रहीय म्हणावी अशी खरी वस्तू विदर्भातील लोकांच्या अंगणात आली ती या दगडांच्या रूपाने. [→ अशनी, उल्का].

लाडबोरीच्या कड्यामध्ये तबकडीच्या कथेस लागणारे सर्व साहित्य हजर होते : रात्र, गर्दी, दिव्यांची शिस्तबद्ध रांग, कोणास ओळखू न येणारा धातू, आणि तो कुलपात ठेवणारे अधिकारी. फरक एवढाच की, वस्तू हाती लागली आणि तिच्या कक्षेची नोंद आधीपासून उपलब्ध होती. हेच तुकडे ताडोब्याच्या जंगलात वा बंगालच्या उपसागरात पडले असते व कक्षेची नोंद कोणी ठेवली नसती, तर विदर्भातील हजारो प्रामाणिक साक्षीदारांचे निवेदन आज उलगडा न झालेल्या प्रकरणांत जमा झाले असते.

अशा पतनांबाबत आंतरराष्ट्रीय कायदा आहे. १९७२ च्या करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर केलेल्या हानीची भरपाई, चूक सिद्ध झालेली नसली तरी, ती वस्तू सोडणाऱ्या राष्ट्राने करावयाची असते; सापडलेली वस्तू परत करण्याविषयीचा करार १९६८ चा आहे. अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा सोव्हिएट उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएट संघाने कॅनडास ३० लक्ष कॅनेडियन डॉलर देण्याचे १९८१ मध्ये मान्य केले. जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ ही अमेरिकी प्रयोगशाळा कोसळणार म्हणून भारतभर जी घबराट उडाली होती ती त्या पिढीच्या स्मरणात आहे. तिचे अवशेष प्रत्यक्षात हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. हाती आलेली वस्तू कोणाची हे ठरविणे ही म्हणूनच केवळ कुतूहलाची बाब नाही. ओळख पटली तरच भरपाई मागता येते.

निरीक्षकाच्या अडचणी : साक्षीदार खोटे बोलतो असे गृहीत धरण्याचे सहसा कारण नसते. त्यास प्रकाश दिसलेला असतो. चुकतो तो अंतराचा अंदाज. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागडाचे उदाहरण घेता येईल. गोंड राजवटीत सु. १७०० मध्ये बांधलेला येथील किल्ला सातपुड्याच्या टेकड्यांत असून खालच्या सपाटीवर भाताची खाचरे व तलाव पसरलेले आहेत. येथून सिंदेवाही सरळ रेषेत दक्षिणेस सु. १३० किमी. आहे. सिंदेवाहीवर ८० किमी. उंचीवर जळणारी वस्तू आंबागडाच्या टेकडीवरून क्षितिजापासून सु. ३०° उंचीवर स्पष्ट दिसेल. किंबहुना एवढ्या उंचीवरील प्रकाश सपाट प्रदेशात हजारभर किमी. अंतरावरूनही क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. अंधारात एकाकी प्रकाशाचे अंतर ठरविण्यास डोळ्याजवळ कोणतेही साधन नसते. पाहणाऱ्याने ती वस्तू एक किमी. उंचीवर आहे असे नकळत मानले, तर सर्वच मापे ८० पटींनी लहान होतात : १३० किमी. चे अंतर दीड-पावणेदोन किमी. होते, म्हणजे वस्तू पुढच्या गावाच्या शिवारात ठरते. ताशी २७,००० किमी. चा वेग सु. ३४० किमी. होतो, आणि ऐंशी किमी. लांबीची तुकड्यांची रांग किलोमीटरभर लांबीचे एकसंध यान वाटू लागते. ‘टेकडीच्या पलीकडेच उतरले’ हे वाक्य एकाच घटनेविषयी शंभर गावांतून का ऐकू येते, त्याचे कारण या साध्या त्रैराशिकात आहे.

आणखीही फसव्या गोष्टी आहेत. नागपूरचा विमानतळ आंबागडापासून सु. ७० किमी. वर आहे. पाहणाऱ्याच्या रोखाने येणाऱ्या विमानाचा दिवा बराच वेळ एका जागी टांगल्यासारखा दिसतो आणि विमान वळताच नाहीसा होतो. शुक्र हा ग्रह सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी एवढा तेजस्वी असतो की, तो दिवा नव्हे हे पटणे कठीण जाते. क्षितिजाजवळचा व्याध हा तारा हवेच्या थरांतील वक्रीभवनामुळे लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो. काळोखात स्थिर प्रकाशाकडे टक लावून पाहिल्यास तो हलत असल्याचा भास होतो. ही डोळ्याच्या सूक्ष्म हालचालींशी निगडित अशी सर्वसामान्य घटना आहे. सूर्यास्तानंतर तास-दोन तासांत जाणारा कृत्रिम उपग्रह पृथ्वीच्या छायेत शिरताच भर आकाशात विझतो. २०१९ पासून सोडल्या जाणाऱ्या ‘स्टारलिंक’ उपग्रहांची नव्याने सुटलेली माळ तर आगगाडीच्या डब्यांसारखी ओळीने जाते व प्रथमच पाहणाऱ्यास थक्क करते. निरीक्षणाची वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची (हात ताणून धरलेली मूठ सु. १०° व्यापते) आणि दिसण्याचा कालावधी या चार गोष्टी तत्काळ लिहून ठेवल्यास बहुतेक प्रकरणांचा उलगडा होऊ शकतो. आकार व अंतर यांच्या अंदाजांचा उपयोग फारसा होत नाही, आणि वृत्तपत्रांत नेमके तेच छापून येतात.

लोकसमजुती : रात्रीच्या अनोळखी प्रकाशाला नाव देण्याची गरज जुनी आहे. दलदलीवर वा रानात सरकणाऱ्या दिव्यांना महाराष्ट्रात आग्या वेताळ म्हणत. वाटसरूस वाट चुकवून रात्रभर त्याच जागी फिरविणाऱ्यास चकवा. कुजणाऱ्या वनस्पतींतून निघणारे ज्वालाग्राही वायू हे अशा काही दिव्यांचे संभाव्य कारण मानले जाते. त्याच ग्रामीण परंपरेने सप्तर्षींच्या चौकोनात म्हातारीची बाज व उरलेल्या तीन ताऱ्यांत ती चोरणारे तीन चोर पाहिले. ज्यांना आकाश रोज दिसत होते त्यांना नेहमीचे तारे नावानिशी माहीत होते व नवखा प्रकाश लगेच कळत असे. शहरी प्रेक्षकाची अडचण उलटी आहे. त्याने शुक्र वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. विसाव्या शतकात आग्या वेताळाची जागा परग्रहवासीयाने घेतली. तबकड्यांच्या समजुतीत युद्धाच्या भयाने ग्रासलेल्या मनाचे प्रतिबिंब दिसते, असा विचार मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५८ मध्ये मांडला होता.

ओळख न पटण्याची किंमत कधीकधी सैनिकी स्वरूपाची असते. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर भारतीय जवानांनी चिनी बाजूने येणाऱ्या तेजस्वी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या व ती टेहळणी करणारी वैमानिकरहित विमाने असल्याचा संशय घेतला गेला. बंगळूर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वैज्ञानिकांनी तपास करून ते शुक्र व गुरू हे ग्रह असल्याचे सांगितले. विरळ व स्वच्छ हवेमुळे ते तेथे अधिकच तेजस्वी दिसत. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्याने वाहतूक सु. तीन तास थांबवावी लागली. शोधासाठी गेलेल्या राफाल विमानांना काहीही आढळले नाही.

प्राचीन अभ्यागतांची कल्पना : परग्रहवासी पूर्वीच येऊन गेले व प्राचीन वास्तू, देवकथा ही त्यांची स्मृती होय, हा विचार एरिख फोन डेनिकेन यांच्या १९६८ मधील जर्मन पुस्तकाने लोकप्रिय केला. मराठीत सुरेशचंद्र नाडकर्णी यांचे पृथ्वीवर माणूस उपराच! हे पुस्तक या परंपरेतील असून त्यास मोठा वाचकवर्ग लाभला. माणूस मुळात या पृथ्वीवरचा नाहीच, हे त्याचे प्रतिपादन चित्तवेधक असले, तरी जीवाश्मांचा क्रम आणि माणसाची इतर सस्तन प्राण्यांशी असलेली जनुकीय जवळीक त्याच्या पूर्ण विरोधात जातात.

पुराणांतील विमानांचे वर्णन हाही या संदर्भात पुरावा म्हणून दिला जातो. वैमानिक शास्त्र या संस्कृत ग्रंथाचे भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये परीक्षण केले. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील आराखड्यांप्रमाणे बांधलेले यान उडू शकणार नाही, असे त्यांना आढळले. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते. तिला समकालीन विश्वसनीय आधार मिळालेला नाही. तळपदे यांची जिज्ञासा खरी मानण्यास हरकत नसावी, पण जिज्ञासा म्हणजे उड्डाण नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सु. १·८ किमी. व्यासाचे विवर मात्र आकाशातून आलेल्या वस्तूची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी खूण आहे. लवणासुराच्या वधाची कथा त्याच्याशी जोडली गेली. अशनीच्या आघाताने ते झाल्याचे तेथील काचमय व आघाताने रूपांतरित झालेल्या खडकांनी सिद्ध केले. [→ लोणार].

परग्रहवासी येण्याची शक्यता : इतरत्र जीवसृष्टी असणे आणि ती येथे येऊन पोहोचणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याविषयी आजचे विज्ञान आशावादी आहे. सूर्यसदृश ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला आणि तेव्हापासून पाच हजारांहून अधिक परतारकीय ग्रहांची खात्री पटली आहे. दुसऱ्या प्रश्नात अंतर आडवे येते. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा हा ४·२ प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्यकुलाबाहेर पडलेले ‘व्हॉयेजर १’ सेकंदास सु. १७ किमी. वेगाने जात असून एवढे अंतर कापण्यास त्याच्यासारख्या यानास सु. ७५,००० वर्षे लागतील. याउलट, आकाशगंगेचे वय पाहता एखाद्या प्रगत संस्कृतीस आतापर्यंत येथे येण्यास भरपूर अवधी मिळाला असता, मग ती कोठे आहे, असा प्रश्न भौतिकीविज्ञ एन्रीको फेर्मी यांनी १९५० मध्ये विचारला. त्याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. यान पाठविण्यापेक्षा रेडिओ संदेश पाठविणे कितीतरी स्वस्त असल्याने १९६० पासून अशा संदेशांचा शोध चालू आहे. खात्रीचा संदेश आलेला नाही.

बाहेरून येणारे जीव यानातूनच यावेत असेही नाही. धूमकेतूंद्वारे सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असावेत, ही फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंघे यांची कल्पना प्रयोगाने तपासण्यासाठी जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथून मोठे फुगे सोडले. जानेवारी २००१ मध्ये ४१ किमी. पर्यंतच्या उंचीवरील, तर एप्रिल २००५ मध्ये २० ते ४१ किमी. पट्ट्यातील हवेचे निर्जंतुक नळकांड्यांत नमुने घेण्यात आले. दुसऱ्या प्रयोगात जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे इस्रोने २००९ मध्ये जाहीर केले. त्यांपैकी एकीस हॉईल यांचे व एकीस आर्यभटाचे नाव देण्यात आले. हे जीवाणू पृथ्वीवरूनच एवढ्या उंचीवर गेले असण्याची शक्यता वगळता येत नाही, हे संशोधकांनीच स्पष्ट केले होते. त्यावर निर्णायक ठरू शकेल अशी समस्थानिकांच्या प्रमाणाची चाचणी त्यांना पुढे करावयाची होती.

साहित्यातील परग्रहवासी : सत्यजित राय यांनी १९६२ मध्ये एका बंगाली कथेत खेड्यात उतरलेला निरुपद्रवी परग्रहवासी रंगविला व १९६७ च्या सुमारास त्या कल्पनेवर चित्रपटाची संहिता लिहिली, तो चित्रपट निघाला नाही. मराठीत नारळीकरांच्या यक्षांची देणगी (१९७९) या कथासंग्रहाने व प्रेषित या कादंबरीने परग्रहवासीयास विज्ञानाच्या चौकटीत आणले. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुणे येथे निधन झाले. त्यांच्या कथांतील परग्रहवासी शिवारात उतरणाऱ्या तबकडीतून क्वचितच येतात. त्यांची चाहूल आधी उपकरणांना लागते.